अलिबाग ते रेवदंडा, दमादमाने

मी सायकल शिकले ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि शिकवणारी होती माझी अकरा वर्षांची धाकटी. इंदूरला आमच्या कॉलनीच्या मागे एक रिकामे मैदान आहे. पहाटे साडेपाचला, कुणी बघायच्या आत, आम्ही दोघी तिथे जात असू. ती मागून कॅरिअर धरून पळायची आणि ओरडायची, "आई, खाली नको बघूस, समोर बघ!"

माहेरी आम्ही तिघे भावंडे, सायकल एकच. ती दोघा भावांची. मी कायम कॅरिअरवर. कॉलेजला गेले तेही भावाच्या मागे बसून. लग्न झाल्यावर ह्यांच्या स्कूटरच्या मागे. कुणी मुद्दाम अडवले असे नाही, पण कुणी शिकवलेही नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर खेड्यापाड्यांतल्या हजारो बायकांना सायकल शिकवली गेली. तेव्हा मी माझ्या धाकटीएवढीच होते. ही हकिगत मी फार उशिरा वाचली, आणि वाचून जरा हेवाच वाटला.

तर अशी माझी तयारी. मैदानाला पंचवीस-तीस फेऱ्या मारता येत होत्या, वळणही जमत होते. पण रस्त्यावर, वाहनांमध्ये, मी कधी सायकल घातली नव्हती. थंडीच्या सुट्टीत कोकणात जायचे ठरले तेव्हा आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले, "अलिबागहून रेवदंड्याला सायकलनं जायचं. सतरा किलोमीटर, रस्ता सपाट. तासाभरात होईल."

हे म्हणाले, "छान. आपण तिघं सायकलनं जाऊ. तू रिक्षानं ये, सामानही येईल बरोबर."

ह्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण पिशव्यांच्या बरोबर मलाही रिक्षात ठेवून दिल्यासारखे वाटले. मी म्हटले, "सामान रिक्षानं पाठवा. मी सायकलनं येणार."

"आणि मध्येच दमलीस तर?"

"तर बसेन थोडा वेळ."

आमच्या त्या दिवसाचा सगळा कार्यक्रम या एका वाक्यावर ठरला.

इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडवा. मोटारी पोटात घेणारी रो-रो बोट या मार्गावर २०२० सालापासून सुरू झाली. तासाभराचा तो समुद्रप्रवास मुलांना रेल्वेच्या रात्रीपेक्षा जास्त आवडला. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. आम्ही नाताळ आणि नव्या वर्षाची गर्दी ओसरू दिली होती आणि मुद्दाम मधला वार निवडला होता. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते. सायकलवाल्याने त्या दोन दिवसांत इकडे फिरकूच नये.

पोहोचलो त्या संध्याकाळी ओहोटी होती, म्हणून कुलाबा किल्ला लगेच उरकून घेतला. पाणी मागे सरले की ओल्या वाळूतून, गुडघाभर पाण्यातून चालत किल्ल्यात जाता येते. शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचे काम सुरू केले आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. तटाचे अजस्र दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचलेले आहेत. मधल्या फटींत लाटेचे पाणी शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मी हे मुलांना समजावत होते, पण माझे अर्धे लक्ष किनाऱ्यावरच्या सायकलींकडे होते.

सायकली भाड्याने मिळाल्या. दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिले आणि न विचारताच पाना घेऊन सीट दोन बोटे खाली केली. "ताई, पाय पुरता टेकला पाहिजे. टेकला की भीती अर्धी जाते." मग ब्रेकचे रबर तपासले, चाकात हवा भरली आणि घंटी दोनदा वाजवून दाखवली. ह्यांनी गिअरची सायकल घेतली. वीस वर्षांनी सायकलवर बसत होते, पण सीट त्यांनी रुबाबात उंच करून घेतली. त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाला, तो पुढे येईलच.

सकाळी सातला निघालो. थंडी होती, पण इंदूरच्या मानाने ती थंडी म्हणजे गंमतच. गावातल्या गल्ल्यांत रहदारी नव्हती, म्हणून आधी गावातच एक चक्कर मारायची असे ठरले. खरे तर मला सराव व्हावा म्हणून. इस्राएल आळी नावाची एक गल्ली लागली आणि तिच्यात ज्यूंचे प्रार्थनामंदिर. धाकटीला हे नाव फार चमत्कारिक वाटले. कोकणातल्या बेने इस्राएली लोकांची अशी परंपरागत कथा आहे की त्यांच्या पूर्वजांचे गलबत इथून जवळच नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली : पेणकर, किहीमकर, दिवेकर. घरात मराठीच. बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली, पण आळीचे नाव बदलले नाही.

किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेचे नाव ऐकून चिरंजीव थांबले. त्यांना भौतिकशास्त्राचे वेड आहे. ही वेधशाळा अलिबागला का आली याची कथा मजेदार आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या नोंदी बिघडतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा कुलाबा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली आणि १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. इमारतीत लोखंड वापरायचेच नाही असा नियम, म्हणून पोरबंदरचा दगड आणि तांब्या-पितळेचे साहित्य. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्यांशी सांगड बसावी. "म्हणजे आपल्या लोखंडी सायकली आत नेल्या तर?" धाकटीने विचारले. आम्ही त्या दूरच ठेवल्या.

अलिबाग सोडले की खाडीवरचा पूल, पूल ओलांडला की आक्षी. इथून खरा रस्ता सुरू झाला आणि माझी खरी परीक्षाही. क्रम असा होता : पुढे चिरंजीव, मग धाकटी, मग मी, आणि माझ्या मागे हे. मैदानात मागून काही येत नाही. रस्त्यावर सगळे मागूनच येते. मोटारसायकल गेली, मिनीडोर गेली (इकडची सहा आसनी रिक्षा, तिला सगळे मिनीडोरच म्हणतात), एक टेंपो गेला. प्रत्येक वेळी माझे खांदे कानांपर्यंत चढत होते. मग मागून एसटी आली. तिने भोंगा वाजवला, तोही रागाने नव्हे, नुसता "आले हो" अशा अर्थाचा. पण मी घाबरून हँडल डावीकडे वळवले. डांबर संपून पुढचे चाक वाळूत रुतले आणि मी सायकलसकट आडवी झाले.

फार लागले नाही. कोपर सोलवटले, चेन उतरली आणि ओढणीला तेल लागले. पण मला रडू आले ते लागल्याचे नव्हते. हे सायकल टाकून धावत आले आणि पहिले वाक्य बोलले, "थांब, रिक्षा बघतो."

मी काही बोललेच नाही. धाकटी मात्र रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली आणि माझ्या सायकलची चेन दातऱ्यांवर चढवू लागली. समोरच्या घरातून एक म्हातारी मासळीची टोपली घेऊन बाहेर पडत होती, ती टोपली ठेवून पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझे कोपर धुतले, आतून खोबरेल आणून लावले.

"कुठून आलाव?"

"इंदूरहून, आजी."

तिने आमच्या चारी सायकलींकडे नीट पाहिले. "इंदूरवरनं? सायकलीवर?"

आम्ही सगळेच इतके हसलो की ह्यांना रिक्षाचा विसर पडला. मी उठले, सायकल उभी केली आणि पाय टेकतो का पाहिले. टेकत होता.

आक्षीला थांबायचेच होते, तिथल्या शिलालेखासाठी. शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ मधला, शिलाहार राजा केशिदेव याच्या काळचा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद झाले आहेत, तरी मराठीच्या इतिहासाचे कुठलेही पुस्तक उघडले तर आक्षीचे नाव पहिल्या पानांवर येतेच. आणि ही एवढी मोलाची वस्तू कित्येक वर्षे गावात रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभी होती! वर कोरलेले सूर्य-चंद्र, म्हणजे ते आकाशात असेतोवर हे दान टिको, आणि मोडेल त्याला शाप. माळव्यात तीन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्यांच्या घरात मराठी टिकवायची म्हणजे रोजची झटापट असते. मुले आपसात हिंदीत बोलतात, आम्ही मराठीत उत्तर देतो. धाकटीला त्या दगडावरचे एक अक्षर ओळखता आले आणि तिने ते मोठ्याने उच्चारले. बरोबर होते की नाही कोण जाणे, आम्ही कौतुक केले.

हिवाळ्यात आक्षीच्या किनाऱ्यावर दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. ओहोटीच्या ओल्या वाळूत कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे बसले होते. माझ्या कोपराला विश्रांती म्हणून तिथे अर्धा तास गेला. चिरंजीव घड्याळ बघत होते. त्यांच्या हिशेबाने एव्हाना आम्ही रेवदंड्यात असायला हवे होते.

नागावात शिरल्यावर मोठा रस्ता सोडून आतल्या वाटेला लागलो, आणि तिथे पहिल्यांदा मला सायकल चालवत असल्याचा विसर पडला. दोन्ही बाजूंनी वाड्या. वर नारळ, त्याखाली सरळसोट पोफळी, त्याहून खाली केळी-जायफळ, आणि पोफळीच्या खोडाला बिलगलेली मिऱ्याची वेल. ऊन या सगळ्यांतून गाळून खाली येते. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या आणि वर उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या अशा बागायती गावांना मिळून अष्टागर म्हणतात. आठ गावे कोणती हे विचारू नका. ज्याला विचाराल तो आपले गाव धरूनच आठ मोजतो.

एका वाडीत घावन मिळतील अशी पाटी दिसली. घरच्या बाई तव्यावर तांदळाचे जाळीदार घावन घालत होत्या. ओल्या नारळाची चटणी आणि वर गुळाचा चहा. आमची चौकशी झाली, माझ्या कोपराचीही झाली. मग त्यांचे यजमान आम्हाला वाडी दाखवायला घेऊन गेले. जुनी विहीर, तिच्यावरच्या रहाटाचा लाकडी सांगाडा. पूर्वी बैल फिरायचा, रहाटाची गाडगी पाणी उपसायची आणि ते पाटाने झाडाझाडाला पोचायचे. आता पंप आहे. "पंपाला चारा लागत नाही," ते म्हणाले, "पण वीज गेली की बैल आठवतो."

वाडीच्या मधोमध आभाळ दिसत होते. बाकी सगळीकडे गर्द सावली आणि तिथेच मोठा उजेडाचा तुकडा. मी विचारले तर ते म्हणाले, "निसर्ग." मला आधी कळलेच नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ या रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. टाळेबंदीचे दिवस, आम्ही ती बातमी इंदूरला टीव्हीवर पाहिली होती आणि दुसऱ्या दिवशी विसरलोही होतो. यांच्या वाडीत दुपारी दोन-तीन तासांत निम्म्याहून जास्त पोफळी मोडल्या. नारळ मुळासकट आडवे झाले. "आवाज कसला होता माहीत आहे? आम्ही घरात बसून मोजत होतो. एक गेली, दोन गेल्या. मग मोजायचं सोडून दिलं." पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सहा वर्षे तरी जातात, नारळाला त्याहून जास्त. नुकसानभरपाई झाडाच्या हिशेबाने मिळते, पण वाया गेलेल्या वर्षांचे काय करायचे? नवी रोपे खांद्याएवढी झाली होती. काही ठिकाणी त्यांनी लावलीच नव्हती. मुलगा पनवेलला नोकरीला आहे, तो म्हणतो दोन खोल्या बांधू, पर्यटक येतील. "तुम्हीच सांगा, काय करावं?" त्यांनी ह्यांना विचारले. हे बँकेत आहेत, कर्जाच्या व्याजाचे सांगू शकतात. इथे ते गप्प राहिले.

निघताना यजमानांनी शहाळी काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ताज्या घावनांचे मात्र बाईंनी काटेकोर मोजून घेतले. मला दोन्ही आवडले.

नागावनंतर चौल. मध्ये मोठ्या रस्त्याचा एक लांब पट्टा होता. एसटी आली, तीही मागून. या वेळी मी हँडल न हलवता नुसती घंटी वाजवली. तिचा काय उपयोग होता देव जाणे, पण मला बरे वाटले. एसटी बाजूने निघून गेली.

चौल आज पाहिले तर नारळी-पोफळीतले शांत गाव आहे. दुकाने, शाळा, तळी, देवळे. कुणाला सांगून खरे वाटणार नाही की इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले ग्रीक लेखक सिमिल्ला म्हणून ज्या बंदराचा उल्लेख करतात ते हेच मानले जाते. अरबांनी त्याला सैमूर म्हटले. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसुदी नावाचा प्रवासी इथे येऊन गेला. १५०८ साली इथल्याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवले, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे सरकला. जिथे गलबते लागत तिथून जवळच आता वाडीला पाणी घालतात.

रामेश्वराच्या देवळात दुपार काढली. समोर चिरेबंदी पुष्करणी, दीपमाळा, आणि आत गार फरशी. या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे फरशीखाली झाकलेली आहेत. अवर्षण पडले की पर्जन्यकुंड उघडायचे आणि मग पाऊस येतो, अशी गावाची श्रद्धा. चिरंजीवांना शंका होत्या, पण त्यांनी त्या पुष्करणीच्या पायरीवर आडवे होऊन विचारल्या आणि उत्तर यायच्या आत झोपले. ह्यांनी भिंतीला पाठ टेकली. मीही डोळे मिटले. मांड्या ठणकत होत्या, तळहात लाल झाले होते. हँडल इतके घट्ट धरायचे नसते हे मला तेव्हा उमगले.

जेवण एका घरगुती खानावळीत : तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सोलकढी. बिरडे म्हणजे मोड आणून सोललेले वाल. त्यातला तो किंचित कडसरपणा मुलांना आवडेल असे वाटले नव्हते, पण ताटे चकचकीत झाली. भूक सायकलची होती.

चारच्या सुमारास रेवदंडा आले. येते म्हणजे कसे, तर समोर एकदम काळी भिंत येते आणि तिच्यातून रस्ता आत शिरतो. हा पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा तट. १५२१च्या सुमारास त्यांनी इथे किल्ल्याचे काम सुरू केले, आणि वसई पडल्यावर १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला. आज गावातली घरे, वाड्या, विहिरी त्या तटाच्या पोटातच आहेत. नारळाच्या शेंड्यांमधून सातखणी मनोरा डोके काढतो. नावात सात खण, उभे आहेत त्याहून कमी. एका घराच्या परड्यात पडकी कमान आणि तिला बांधलेली कपड्यांची दोरी. असे दृश्य मोटारीतून गेलो असतो तर दिसले नसते असे म्हणणार होते, पण ते खोटे ठरेल. दिसले असते, थांबलो नसतो.

इथल्या एका शाळेच्या आवारात अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. वास्को द गामा कालिकतला १४९८ साली पोचला. हा गृहस्थ त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी, घोडा विकून चार पैसे मिळवावेत म्हणून, समुद्र ओलांडून चौलला उतरला होता. धाकटीने विचारले, "घोडा बोटीतून आणला? मग आपण इंदूरहून सायकली का नाही आणल्या?"

राहायची सोय वाडीतल्या एका घरी केली होती. सामान आमच्या आधी येऊन ओटीवर बसले होते. चिरंजीव म्हणाले, "आता कोर्लई. पूल ओलांडून पाच-सहा किलोमीटर." ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली, हळूच ओटीच्या कडेवर बसले आणि लगेच उठले. उंच सीटचा हिशेब तो हाच.

"तुम्ही जा," हे म्हणाले. "मी उद्या रिक्षानं येईन."

कुणी हसले नाही. धाकटीने फक्त माझ्याकडे पाहिले. मी आत जाऊन खोबरेलाची बाटली मागून आणली आणि ह्यांच्या हातात दिली.

आम्ही तिघे पुलापर्यंत गेलो. कोलाडला ज्या कुंडलिका नदीवर शहरातली मुले राफ्टिंग करतात ती इथे खाडी होऊन समुद्राला मिळते. पूल अरुंद, वारा आडवा, आणि समोरून एक ट्रक. मी उतरले. पुलावर सायकल हातात धरून चालत गेले, लाज वाटली नाही. मध्यावर थांबलो. उजवीकडे खाडीचे तोंड, होड्या, आणि पलीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा लांबट डोंगर. सूर्य खाली गेला होता. एवढ्या उशिरा पुढे जाणे शहाणपणाचे नव्हते. चिरंजीवांनी घड्याळ पाहिले आणि आज पहिल्यांदा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई, परत जाताना तू पुढे राहा. तुझ्या स्पीडनं जाऊ."

परतीचा तो एवढासा रस्ता मी पुढे होते. मागे दोन घंट्या वाजत होत्या.

रात्री यजमानांनी अंगणात पोपटी लावली. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. वर पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. भांबुर्ड्याचा वास त्या शेंगांत असा उतरतो की बोटे धुवू नयेत. हे एका कुशीवर रेलून खात होते आणि यजमानांकडून सुपारीचे भाव समजून घेत होते.

कोर्लईला दुसऱ्या दिवशी सकाळी मिनीडोरने गेलो, चौघेही. किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या गावात काही ख्रिस्ती कुटुंबे अजून पोर्तुगीजपासून घडलेली आपली अशी बोली बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, भाषा मागे राहिली, आणि मराठीच्या शेजारी राहून तिचे क्रियापदही मराठीसारखे वाक्याच्या शेवटी गेले. चर्चजवळ दोन बायका बोलत होत्या. एक शब्द कळला नाही, पण चाल ओळखीची वाटली. आमच्याकडे वळल्या तेव्हा मराठीत म्हणाल्या, "वर दीपगृहापर्यंत जाऊन या, ऊन चढायच्या आत."

दुपारी परत निघायचे होते, त्याच सतरा किलोमीटरने. निघण्यापूर्वी मी आईला उज्जैनला फोन केला. कुठे कुठे गेलो ते सांगितले, आक्षी, नागाव, चौल, आणि सायकलने गेलो हेही सांगितले. ती म्हणाली, "अगबाई! आणि तू? तू कुणाच्या मागं बसलीस?"

"मी माझी होते," मी म्हटले.

पलीकडे जरा वेळ शांत. मग ती म्हणाली, "ओढणी नीट खोचून घे. चाकात जाते."